खिडकीतला फोन

७ जानेवारी, मंगळवार

काल पॅकहाऊसमध्ये नोटीस लागली. ‘कंपनीच्या कामासाठी वापरले जाणारे सर्व कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक मोबाईल तपासणीसाठी जमा करावेत.’ खाली मॅनेजर इंद्रजितची सही. एवढ्या मोठ्या वाक्यात ‘कृपया’ हा शब्द घालायला जागा मिळाली नाही. मी तिथेच मोठ्याने म्हणाले, “फोन माझा, रिचार्ज माझा आणि झडती तुमची?” क्रेट उचलणारी माणसं हसली. मॅनेजरसाहेब केबिनबाहेर आले नाहीत.

म्हणून वही काढली. राग आला की लिहून काढायचं, बोलायचं नाही, असं आमच्या सिस्टर फिलोमिना सांगायच्या. पुण्याच्या त्या कॉन्व्हेंटमध्ये सगळं शालेय आयुष्य काढलं. लिहिणं जमलं, न बोलणं काही जमलं नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी भवानीनगरच्या पुढच्या या डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार जाते. परदेशच्या खरेदीदारांना इंग्रजी पत्रं लिहायची. इंद्रजितचं इंग्रजी चांगलं आहे, पण त्याची पत्रं लग्नाला बोलावल्यासारखी असतात. मला साहेबांच्या भाषेत नम्रपणे भांडता येतं. तेवढ्यासाठी मला ठेवलंय.

आणि माझा फोन तपासणार! ज्या बाईने अर्ध्या बारामतीचे ट्रंक कॉल जोडले, तिचा!

या घरात फोन कधी कुणापासून लपवला नाही. खात्याने मला घरी फोन दिला तेव्हा गल्लीत तो एकटाच होता. रस्त्याच्या खिडकीत, क्रोशाच्या रुमालावर ठेवलेला. गल्लीतल्या लोकांनी लग्नपत्रिकांवर माझा नंबर छापला, पुढे ‘पी.पी.’, म्हणजे शेजारचा फोन, असं लिहून. पोरगी बाळंत झाली, कुणाला नोकरी लागली, कुणाचा बाप गेला, सगळं त्या खिडकीतून गल्लीत शिरलं. मी फक्त हाक मारायची: “अहो, तुमचा फोन!” आणि ती माणसं हातातलं पीठ तसंच घेऊन पळत यायची.

आज मोबाईलही त्याच खिडकीत, त्याच रुमालावर असतो. कुलूपबिलूप नाही. शेजारच्या कुशाबाईचा रिचार्ज संपला की ती बाहेरूनच गजातून हात घालते. “बाई, लेकीला येक फोन करते गं.” कर की. विचारायचं काय त्यात?

८ जानेवारी, बुधवार

प्रकरण काय ते आज नीट कळलं. रोज संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं, उद्या कुणाची बाग तोडायची आणि काय भाव ठरला. सकाळी आपली गाडी बागेवर जाते, तर मोठा माल आदल्या संध्याकाळीच कुणीतरी उचललेला. दिवाळीपासून हे चाललंय. कंटेनर अर्धा रिकामा गेला. युरोपातल्या खरेदीदाराने लिहिलं, तुमची माहिती तुमच्याकडेच राहत नसेल तर तुमच्या बाकीच्या नोंदींवर आम्ही विश्वास का ठेवावा? ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं. माणूस बरोबर बोलतो, हे मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

निमगावकडचे रामहरी आबा आज आले होते. त्यांचीच बाग परवा लुटली. लुटली कसली, त्यांनी स्वतःच विकली. इंद्रजित त्यांच्यावर खेकसला तर आबा शांतपणे म्हणाले, “आवो साहेब, मी तुमच्याच गाडीची वाट बघत हुतो. आदल्या सांजंला पांढरी गाडी बांधावर आली, तीन सुरांचा हॉर्न वाजवत. म्हणला, कंपनी उद्या येणार हाय न्हवं? मंग मोठा माल आजच द्या, वरचढ भाव देतो. पोरगं म्हणलं, द्या. दिला.”

“आणि आम्हाला काय ठेवलंत?” मी विचारलं.

“बारकं हाय की, मॅडम. ग्वाड हाय.”

मला हसू आवरेना. इंद्रजितला ते आवडलं नाही.

तोडणीचा कार्यक्रम स्वरूपा ठरवते. कोऱ्हाळे बुद्रुकची सून, शेतकीची पदवी घेतलेली. दुचाकीवर हेल्मेट घालून बागा फिरते. सासरे आधी म्हणायचे, बाईमाणसानं बांधावर जाऊन गड्यांना माल मोजून मागायचा म्हणजे काय! आता तेच तिच्या गाडीचं पेट्रोल बघतात. अर्थात सगळ्यांच्या संशयाच्या नजरा तिच्याकडे.

जाताना इंद्रजित माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, नोटीस तुम्हाला नाही. तुमच्या फोनला हात लावला तर आजोबा वरून मला शिव्या देतील.” त्याच्या आजोबांचे कॉल मी जोडलेले आहेत. भले गृहस्थ. फोनवर फार ओरडायचे.

म्हणजे जगात थोडी चाड शिल्लक आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

चाड नाही. शब्द मागे घेते.

आज स्टोअरमधल्या नागेशने फोन तपासले. का, तर त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं. स्वरूपाचा फोन त्याने सगळ्यांच्या देखत उघडला आणि फोटोंवरून बोट फिरवत बसला. तिच्या मंगळागौरीचे फोटो, नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला काढलेले फोटो. शेजारचे दोघे मान वाकडी करून बघतायत. स्वरूपा भिंतीकडे बघत उभी.

मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. “नागेश, चोर शोधतोयस की करमणूक चाललीय?”

“मॅडम, साहेबांनीच सांगितलं सगळं बघ म्हणून.”

“साहेबांनी सांगितलं तर त्यांच्या सौभाग्यवतींचा फोन आण आधी. तोही बघू सगळे मिळून.”

नागेशने मान खाली घातली. स्वरूपा फोन घेऊन कामाला गेली. दुपारी माझ्या टेबलावर तिने डब्यातला घेवडा आणून ठेवला. आभार मानायची ही पद्धत मला ‘थँक यू’पेक्षा बरी वाटते.

१२ जानेवारी, रविवार

आज दिवसभर एक्सचेंजच आठवत राहिलं.

लांबडी खोली, उंच स्टूल, समोर बोर्ड. कुणी घरचा फोन उचलला की त्याच्या नंबरची इवलीशी पत्र्याची झडप खट्‌कन पडायची. कॉर्ड लावायची, विचारायचं, “नंबर प्लीज?” सिस्टर फिलोमिनांनी घासूनपुसून दिलेला माझा तो ‘प्लीज’ ऐकून गुळाचे व्यापारी गडबडून जायचे. दोन्हीकडे आवाज पोचतो का पाहायला क्षणभर ऐकावंच लागे. त्या क्षणभरात माणसं काय काय बोलून जायची! मोडलेली लग्नं मी मुलीच्या आईच्या आधी ऐकली आहेत. कुणाचं कुणाशी जमलंय ते मला गावाच्या आधी कळायचं. पण रुजू होताना शब्द दिला होता: बोर्डावर ऐकलेलं बोर्डावरच. घरी आई खोदून खोदून विचारायची. मी वरणाला मीठ कमी आहे म्हणायचे.

दोनशे सतराची झडप रोज दुपारी जेवणानंतर पडायची. महिपती तात्यांचं मोटारी दुरुस्तीचं दुकान. विहिरीवरच्या मोटारींचे सुटे भाग ते पुण्याहून मागवायचे. “ऑपरेटरबाई, पुणं लागतंय का?” लागायचं नाहीच. लाईन मिळेपर्यंत वाट बघायची, आणि वाट बघताना माणूस काहीतरी बोलतो. पाऊस कसा आहे, मोरगावच्या देवळात गर्दी किती होती, असलं. मी “लाईन बिझी आहे” एवढंच म्हणायचे. कधीकधी नसायचीही बिझी.

त्यांची बायको सुगरण होती. चार वर्षांपूर्वी गेली. दुकान आता विकलंय. यशराज, त्यांचा मुलगा, हल्ली इंदापुरात कसलंसं मार्केटिंग करतो म्हणे.

तात्या रोज सहाला माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, त्यातून त्यांना नीट ऐकू येत नाही. माझ्या फोनवर यशराज नातीचे फोटो पाठवतो. तात्या चष्मा लावून ओसरीवरच्या खुर्चीत बसतात आणि बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत फोटो बघतात. मग फोन घेऊन पेरूच्या झाडापर्यंत जाऊन बोलतात. मुलाशी बोलताना भरून येत असेल. मी आतून चहा टाकते आणि मुद्दाम उशिरा बाहेर आणते. शिस्त ती शिस्त.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तात्यांनी तिळाच्या वड्या आणल्या, दुकानातल्या. “तिच्या हातची चव न्हाय,” म्हणाले. मीही म्हणाले, नाही. खोटं कशाला?

आज यशराज त्यांना सोडायला आला होता. गाडीतून उतरला नाही, वळवताना नुसता हॉर्न वाजवला. तीन सुरांचा, कर्कश. कुशाबाईचं नातवंड दचकून रडायला लागलं. हल्लीच्या मुलांना दारात येऊन नमस्कार करता येत नाही, गल्लीभर बँड वाजवता येतो. मी तात्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या बाई. आला, ह्येच लई झालं.”

१५ जानेवारी, बुधवार

पुण्याहून एक मुलगी आली आहे, प्राची. हेच तिचं काम: नोकरांच्या स्वतःच्या फोनमध्ये कंपनीची माहिती कशी सांभाळायची ते बघणं. मी भांडायच्या तयारीने बसले होते. पण पहिलं वाक्य ती बोलली ते असं: “आधी ज्यांनी कुणाचे फोटो बघितले त्यांनी माफी मागायची. तपासणीत ते येत नाही.” नागेशने स्वरूपाची माफी मागितली. माझा निम्मा राग फुकट गेला.

तिने समजावून सांगितलं. कामाचे मेसेज फोनमधल्या एका वेगळ्या कप्प्यात जाणार, त्या कप्प्याला कुलूप. फोन हरवला तर कंपनी लांबून तेवढाच कप्पा पुसणार. घरचे फोटो, घरच्या गप्पा तिकडेच. त्या कंपनीला दिसणारसुद्धा नाहीत. मला हे सभ्य वाटलं. तिला सांगितलं नाही.

मग माझ्यासमोर बसली. “मॅडम, तुमच्या फोनला लॉक आहे?”

“नाही. आणि लागणारही नाही.”

“घरी हा फोन कोण कोण वापरतं?”

“मी घरी एकटी राहते.”

“तसं नाही, मी विचारतेय की...”

तेवढ्यात इंद्रजित मध्ये आला. “प्राची, मॅडमचा सोडा.”

ती उठली. “सर, एकाला सोडायचं असेल तर याला तपासणी म्हणू नका.” आणि पुढच्या टेबलाकडे गेली. आगाऊ आहे. पण पाठ ताठ ठेवून चालते. आमच्या शाळेत असती तर मॉनिटर झाली असती.

स्वरूपाच्या फोनमध्ये काही सापडलं नाही. “मग दुसरा फोन असेल,” असं कुणीतरी मागून म्हणालं. कोण ते दिसलं नाही, नाहीतर इथे नाव लिहिलं असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

इंद्रजितने सापळा लावला होता. उद्याचा कार्यक्रम मोठ्या ग्रुपवर टाकायचाच नाही. फक्त पाच जणांना कळवायचा. परवा तसा कळवला. काल ती बागही आधीच तुटलेली मिळाली. पाचांत इंद्रजित स्वतः, गाडीवरचा मुकादम, बाहेरगावी गेलेले अध्यक्ष, स्वरूपा आणि मी, कारण खरेदीदाराला पत्र मला लिहायचं असतं. मुकादमाचा फोन प्राचीने त्या संध्याकाळी स्वतःकडेच ठेवला होता. अध्यक्षांना मेसेज उघडता येत नाही. उरली स्वरूपा.

सोमवारी सगळ्यांसमोर तिला घरी पाठवायचं ठरलंय.

संध्याकाळी ती माझ्याकडे बारामतीला आली. पाणीसुद्धा घेईना. “मॅडम, मला काढतायत त्याचं नाही. दुसरीकडं लागेन. पण प्रत्येक बागेवर मी गेलेय. माझ्या शब्दावर लोकांनी कंपनीला माल द्यायला सुरुवात केली. आता तेच म्हणणार, ही आपली बाग विकून खात होती. मी गावातनं कशी जाऊ? मामंजींनी काल पहिल्यांदा विचारलं, पोरी, खरं काय ते सांग.”

“मग काय सांगितलंस?”

“काय सांगणार? गाडीची चावी त्यांच्या हातात दिली.”

तात्या तेव्हा ओसरीवर फोन बघत होते. ती गेल्यावर विचारलं, “कोन पोर?” मी म्हणाले, आमच्याकडची, दुसऱ्याचं पाप भोगतेय. त्यांनी फोन बाजूला ठेवला. चहाही अर्धाच प्यायले. आजकाल त्यांना चहा बाधतो वाटतं.

१८ जानेवारी, शनिवार

तात्यांचा गुडघा दुखतोय, आज येणार नाहीत, असं कुशाबाई सांगून गेली. मी खिडकीशी मेथी निवडत बसले. सहा वाजून गेल्यावर फोन वाजला. हात ओले होते, नाव बघितलं नाही. कोपराने बटण सरकवलं, तर मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत पलीकडून आवाज:

“तात्या, जेवलात का? बरं, उद्या कुणाची बाग हाय? लवकर बघा, गाडी भाईर काढून ठिवलीय.”

मागे हॉर्न वाजला. तीन सुरांचा.

 मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी एक्सचेंज सोडल्यापासून ऐकला नव्हता.

“पार्टी जागेवर नाही,” मी म्हणाले आणि लाईन तोडली.

मेथी तशीच पडली आहे.

१९ जानेवारी, रविवार

सकाळपासून दोन गोष्टी डोक्यात भांडतायत. बोर्डावर ऐकलेलं बोर्डावरच, हा शब्द मी सगळी नोकरी पाळला. आईला सांगितलं नाही, पोलीसपाटलाला सांगितलं नाही, एकदा एका आमदाराला सांगितलं नाही. आता या वयात इंद्रजितला फोन करून सांगू, की माझ्या घरी येणारा माणूस काय करतो? आणि नाही सांगितलं तर उद्या स्वरूपाला दारातून बाहेर काढणार.

आणि त्याच्या मुळाशी माझीच खिडकी. एकटी राहते म्हणाले मी प्राचीला. वाक्य खरं होतं. उत्तर खोटं होतं.

सहाला तात्या आले, काठी टेकत. “ऑपरेटरबाई, काल गुडघ्यानं दगा दिला बगा.”

“काल तुमचा कॉल आला होता.”

ते खुर्चीत बसता बसता थांबले. “यशराजचा?”

“हो.”

“काय म्हणला?”

“लाईनवरचं मी सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

ते बसले. काठी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पलीकडे कुशाबाई नळावर कुणाशी तरी भांडत होती.

“दुकान इकलं तवापासनं त्यानं मला हाक मारली न्हवती, बाई,” तात्या म्हणाले. “त्याला न इचारता इकलं म्हणून. दिवाळीच्या सुमारास तुमच्या फोनवर नातीचा फोटू आला. वाईचं मागंपुढं बोट लागलं तर तुमच्या कंपनीचं दिसलं. त्याला फोन लावला, सहज म्हणलो, उद्या अमक्याची बाग हाय म्हणं. मला वाटलं, बोलायला कायतरी इषय पायजे. तवापासनं रोज बोलतो. आधी इचारतो, तात्या, जेवला का. मंग बाग इचारतो. पर आधी जेवन इचारतो, बाई. आधी.”

मी खिडकीतला फोन उचलला आणि परत रुमालावर ठेवला. 

“परवा इथे आलेली मुलगी,” मी म्हणाले, “उद्या तुमच्यासाठी घरी जाणार.”

“वळखलं म्या तवाच.” त्यांनी काठी भिंतीला टेकवली. “तुमी सांगा त्यास्नी. माझं नाव घ्या. मी न्हाय म्हणनार न्हाय.”

“मी नाव घेणार नाही.”

“मंग?”

“मला येतं तेवढंच करते. कॉल जोडून देते.”

खिडकीतून फोन घेतला. इंद्रजितला लावला. त्याने उचलल्यावर म्हणाले, “होल्ड करा. बारामतीहून महिपती तात्या बोलतील.” आणि फोन त्यांच्या हातात दिला.  

मी आत गेले. ऐकू येऊ नये म्हणून मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं.

बंद केला तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. इतक्या वर्षांत ओसरीच्या आत कधी आले नव्हते. “झालं बोलून,” म्हणाले. “लाईन एकदम साफ हुती. पयल्यासारखी खरखर न्हाय काय न्हाय.”

“चहा?”

“नगं. आज नगं.”

फोन त्यांनी रुमालावर ठेवला, रुमालाचा दुमडलेला कोपरा सरळ केला आणि गेले.

२० जानेवारी, सोमवार

दहालाच सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. इंद्रजित म्हणाला, “माहिती कुठून गेली ते कळलं. बाहेरचा माणूस आहे, त्याच्याशी आम्ही बघून घेऊ. स्वरूपा मॅडमचा काही संबंध नाही. चला, कामाला लागा.”

मी म्हणाले, “इंद्रजित, संशय सगळ्यांसमोर घेतलास. माफी दोन ओळींत उरकू नकोस.”

त्याने मागितली. नीट, तिच्याकडे बघून. आजोबांचं रक्त आहे म्हणायचं. स्वरूपा म्हणाली, “माफी नको. मला एवढंच पाहिजे, की इथून पुढं नियम सगळ्यांना एक. मॅडमनासुद्धा.” आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण डोळे खाली केले नाहीत.

 मी पर्समधून फोन काढून प्राचीच्या टेबलावर ठेवला. “स्वरूपा बरोबर बोलतेय. माहिती माझ्या फोनमधून गेली. कुणी नेली ते मला विचारू नका. दार मी उघडं ठेवलं होतं, एवढं माझं.”

स्वरूपाचा चेहरा बदलला. ती काही बोलायच्या आत मी बाहेर येऊन पंपावरचं गार पाणी प्यायले. सवय नाही हो असल्या गोष्टींची.

दुपारी डबा उघडला तर ती समोर येऊन बसली. घेवडा नव्हता, वांग्याचं भरीत होतं. “मॅडम, आधीच का नाही दिला फोन?”

“गर्व,” मी म्हणाले.

“बरं. भाकरी घ्या.”

मामंजींनी सकाळी स्वतःच गाडी पुसून दारात उभी केली होती म्हणे. चावी मात्र तिनेच मागून घेतली.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज प्राचीने माझ्या फोनमध्ये तो कप्पा केला, वर सगळ्या फोनलाही कुलूप. बोटाचा ठसा घ्यायला गेली, तर ठसा उमटेना. इतकी वर्षं कॉर्ड ओढून ओढून बोटं गुळगुळीत झाली आहेत. ती म्हणाली, मग सहा आकडे ठेवा. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको, कुणालाही लगेच सुचेल असं नको. आणि कुठे लिहून ठेवायचं नाही.

“माझी गाडी नाही आणि जन्मतारीख मी कुणाला सांगत नाही,” मी म्हणाले. ती हसली. हसताना बरी दिसते. जाताना म्हणाली, “मॅडम, तुमच्या एक्सचेंजमध्ये लॉक कसलं असायचं?” मी म्हणाले, आमचं आम्हीच. तिने ते वाक्य तिच्या लॅपटॉपमध्ये टिपून घेतलं. मला बरं वाटलं.

घरी येऊन फोन खिडकीत ठेवला, तोच कुशाबाई गजातून हात घालून उभी. “बाई, ह्यो फोन मला वळखना झालाय!”

“ओळखणार नाहीच. आत ये. मी लावून देते नंबर.”

“आता फोनसाटी पायताण काढून आत येऊ व्हय?”

“हो. आणि चहा पण पी.”

आली. लेकीशी बोलली. मी जोडून दिलं आणि आतल्या खोलीत गेले. तेवढ्यापुरतं जुने दिवस आल्यासारखं वाटलं.

सहा वाजले. ओसरीवरची खुर्ची मी आत घेतलेली नाही. कुशाबाई सांगत होती, तात्यांना परवा मंडईत बघितलं. यशराजने आता त्यांना फोन करणं बंद केलंय. म्हणजे आता जेवलात का हेही कुणी विचारत नाही. इंद्रजितने तक्रार केलेली नाही; पांढरी गाडी पुन्हा बांधावर दिसली तर करीन म्हणालाय. मी उद्या डब्यात थोडं भरीत घालून तात्यांकडे नेणार आहे. फोन घरीच ठेवून.

कुलपाचे सहा आकडे प्राचीच्या सांगण्याप्रमाणे इथेही लिहीत नाही. बोर्डावरचा जुना तीन आकडी नंबर आहे, दोनदा. पाठ करावा लागला नाही.